डब्बीतलं नेट घेऊन चिचटोल्याला

चिचटोल्याला कोणी जात नाही. तुम्हीही गेला नसाल, आणि हे वाचून जाल अशी भीती मला अजिबात नाही. लोक बालीला जातात, व्हिएतनामला जातात, तिथून फोटो टाकतात, आणि आपण खाली 'वा, सुंदर' लिहायचं असतं. आम्ही चिचटोल्याला जाऊन आलो आणि तिथून एकही फोटो टाकता आला नाही. तेही, खास नेट सोबत घेऊन गेलो असताना.

देवलापारच्या पुढे महामार्ग सोडला की मुरमाचा रस्ता लागतो, मग सागाचं जंगल, मग वानरं, मग पुन्हा जंगल, आणि आपण रस्ता चुकलो याची खात्री पटली की चिचटोला येतो. तिथे माझा मोठा भाऊ राहतो. दादानं सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढली. अर्ध्या विदर्भाला वीज पुरवून निवृत्त झाल्यावर त्यानं राहायला असं गाव शोधून काढलं, जिथे संध्याकाळी लाईट असली तर लोक बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, काय झालं गा? मोबाईलच्या टॉवरचा तर विषयच नको. दादाशी बोलायचं असेल तर तो बाजाराच्या दिवशी देवलापारला येईपर्यंत वाट पाहायची.

मागच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. शोभावहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नेहा बंगलोरला. तो घरात एकटा पडून राहिला, आपला आपण बरा झाला, आणि मग बाजाराच्या दिवशी फोन करून मला म्हणतो, "अवं पमे, मी तं वर जाऊन वापस आलो. तिथंबी रेंज नाई." घरातले सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि भरपूर रडले.

त्यानंतर मी आणि नेहानं मिळून दादासाठी स्थळ शोधायला घेतलं. नातेवाइकांनी 'या वयात?' असं विचारलं. त्यातल्या एकानंही दादाला तापात पाणी दिलं नव्हतं, म्हणून त्यांचं मत आम्ही मोजलं नाही. वर्ध्याच्या कुसुमताई सापडल्या. नवरा तरुणपणीच वारला, त्यानंतर एसटीत कंडक्टर झाल्या, जन्मभर तिकिटं फाडून आता निवृत्त. दादाला सांगितलं तर तो नाही म्हणाला नाही. दादाच्या बाबतीत याला टाळ्यांचा कडकडाट समजतात.

आता प्रश्न पाहण्याच्या कार्यक्रमाचा. दादा म्हणाला, "मी चना सोडून येत नाई. एक रात मचान सोडलं का डुकरं सातबाऱ्यावर नाव चढवतात." तिकडे कुसुमताईंचा मुलगा म्हणाला, आई अशी एकदम जंगलात येणार नाही; आधी व्हिडिओवर घर दाखवा, माणूस दाखवा. पसंत नाही पडलं तर तो येत्या आठवड्यात आईला कायमचं हैदराबादला घेऊन जाणार होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण झालं होतं, आणि घरात बाई ठेवण्यापेक्षा आई ठेवणं केव्हाही सोयीचं. म्हणजे जे काय व्हायचं ते या रविवारी. नाहीतर दादा, त्याचा चना आणि पुढचा ताप.

सदर

इथे आमच्या यजमानांचा प्रवेश होतो. विलासराव कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतात आणि बाजारात नवीन काही आलं की ते आपल्याचसाठी आलं असं समजतात. ते म्हणाले, "हात्तिच्या! हॉटस्पॉट घेऊ. हातात मावणारा. जिथे जाऊ तिथे नेट."

नागपुरात सदरला एका दुकानात गेलो. दुकानदारानं साबणाच्या वडीएवढी एक काळी डब्बी काढून काचेवर ठेवली. म्हणाला, "मॅडम, जंगल हो या पहाड, फुल नेट." मी म्हटलं, "पण तिथे टॉवरच नाही. मग नेट येते कुठून?" तो माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहत डब्बीवर बोट ठेवून म्हणाला, "इसमें से." विलासरावांनी मान डोलावली. ज्या माणसानं मुलांना मोसमी वारे कुठून येतात ते अख्खी हयात शिकवलं, त्याला नेट डब्बीतून येतं हे पटलं. जाता जाता दुकानदार म्हणाला, रोजचा ठरावीक डेटा मिळेल, तो संपला की 'थोडा' स्लो चालेल. या 'थोडा'वर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मनसर

शनिवारी सकाळी निघालो. मनसरला पोहे-तर्री खाल्ली. तर्री अशी की कानातून वाफ निघावी. पुण्याच्या माणसानं खाल्ली असती तर तिथेच मृत्युपत्र केलं असतं. विलासरावांनी डब्बी टेबलावर मांडली, हिरवा दिवा लागला, आणि त्यांनी समोरच्या बाकावर बसलेल्या मला व्हिडिओ कॉल केला. "दिसून राहिलं ना?" मी म्हटलं, "अजी, डब्बी नसती तरी दिसले असते." मनसर महामार्गावर आहे, तिथे पानठेल्यावरच्या माणसाच्या फोनवरही सिनेमा चालू होता. पण विजय तो विजय.

देवलापारनंतर डब्बीचा हिरवा दिवा पिवळा झाला, मग लाल झाला. विलासराव म्हणाले, गाडीच्या पत्र्यामुळे होतं. त्यांनी डब्बी खिडकीतून बाहेर धरली. दिवा लालच. वळणावर थांबलो, त्यांनी ती टपावर ठेवली. तिथून ती एका वानरानं उचलली, वास घेतला आणि परत ठेवून दिली. वानराला दोन सेकंदांत जे समजलं ते आमच्या घरात संध्याकाळपर्यंत कोणी मान्य करेना.

चिचटोला, शनिवार

"आली का वं? या जवाई, या!" दादानं अंगणातूनच हाक दिली. पाय धुवायला गरम पाणी, प्यायला गार पाणी, मग गूळ, मग चहा. जेवायला वांग्याचं भरीत, ठेचा आणि नवीन धानाचा भात. वाफ निघताना त्या भाताचा वास असा सुटला की मी नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या किराणा दुकानातल्या तांदळाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आमच्याकडे जवाई म्हणजे काय चीज असते, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. जवाई चुकत नाही. भाजीत मीठ जास्त झालं आणि जवाई चांगली आहे म्हणाला, तर भाजी चांगली असते. त्यामुळे विलासरावांनी ओसरीवर डब्बी ठेवून "यातून नेट येईल" असं जाहीर केलं तेव्हा सगळा गाव गंभीरपणे डब्बीकडे पाहत बसला. नेट आलं नाही. "येईन, येईन," दादा म्हणाला, "नवीन जागा हाय, बुजली असन." शेजारच्या गिरजाबाईंनी तर तिच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला. तो विलासरावांसाठी होता असं त्या नंतर म्हणाल्या.

मग शोध सुरू झाला. डब्बी न्हाणीवर ठेवून झाली, चिंचेखाली झाली, गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर झाली. शेवटी चन्याच्या वावरातल्या मचाणावर नेली. विलासराव कसे चढले हे मी लिहीत नाही, त्यांना अजून कॉलेजात शिकवायला जायचं असतं. पण वर पोचल्यावर ते ओरडले, "आलं! दोन काड्या आल्या!" सरळ गोष्ट होती. डब्बी नेट तयार करत नव्हती, हवेत जे काही दुरून येत होतं तेवढंच पकडून खाली वाटत होती. दादानं आपल्या दुपट्ट्यानं ती मचाणाच्या बांबूला बांधली आणि ठरलं की उद्याचा कार्यक्रम मचाणाखाली, बांधावर, खाट टाकून करायचा.

सगळं छान झालं होतं. एकच गोष्ट मी विसरले होते, ती म्हणजे मी मनीषनगरची आहे आणि दादा नाही.

मनीषनगरात आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं आपल्या वायफायचं नावच 'मागू नका' असं ठेवलंय. आम्हाला त्यात वावगं वाटत नाही. लोक चहा देतील, लग्नात अंगठी देतील, पासवर्ड देणार नाहीत. चिचटोल्यात उलटं. दादानं विलासरावांना पासवर्ड विचारला, त्यांनी जवाईच्या रुबाबात सांगितला, आणि दादानं तो खडूनं गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला, 'शुभ लाभ'च्या खाली. म्हणजे पाहुण्यांना विचारायचा संकोच नको.

चिचटोला, रविवार

सकाळी उठून बाहेर आले तर चन्याच्या वावरात जत्रा. बांधावर, खाटेवर, मचाणाच्या शिडीवर, जिथे बसता येईल तिथे माणसं फोन घेऊन बसलेली. शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरूनही आली होती. कोणी कबड्डीचे सामने उतरवून घेत होता, कोणी नाटकं. एक आजी सुरतेच्या नातवाला पहिल्यांदा पाहत होती आणि फोनवरून हात फिरवून राहिली होती. तिच्यावर काय डोंबल ओरडणार? पण बाकीच्यांवर ओरडायची माझी पूर्ण तयारी होती.

"दादा, हे काय चालवलं तू?"

"काय?" दादा उकडलेल्या तुरीच्या शेंगा पाहुण्यांना वाटत होता. "नेट पाहून राहिले बिचारे."

"दुपारी तुझा कार्यक्रम आहे! डेटा संपला तर?"

"संपला तं संपला. घरी आलेल्या मानसाले नाई कसं म्हनू वं? पानी मांगतलं तं देतो का नाई आपन?"

"विहीर आहे का ती?"

"विहीर असती तं कवाच बंद पाडली असती तुम्ही नागपूरवाल्यांनी," दादा म्हणाला आणि माझ्या हातावर शेंगा ठेवल्या. मी विलासरावांकडे पाहिलं. ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना कबड्डीचा सामना कसा उतरवायचा ते शिकवत होते.

दुपारी आम्ही दादाला निळा शर्ट घातला. गिरजाबाईंनी पोहे केले, कारण पाहण्याच्या कार्यक्रमाला पोहे पाहिजेत. "नवरीले कसे पोचवान हे?" त्यांनी विचारलं. पोहे आम्हीच खाल्ले. दादा खाटेवर बसला, मी त्याच्या बाजूला, फोन समोर स्टुलावर लोट्याला टेकवून. मागे सगळा गाव, कारण गेले कुठेच नव्हते. तेवढ्यात विलासरावांच्या फोनवर मेसेज वाजला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. आजचा डेटा संपला होता.

माझी अशी सटकली की विचारू नका. "भरलं पोट? पाहून झाली कबड्डी?" मी मागे वळून सगळ्यांना सुनावलं. मला राग येत होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हा एक रविवार होता आमच्याकडे. तो मी घालवला.

तरी कॉल लागला. 'थोडा स्लो' म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. आधी नुसते चौकोन दिसले, मग त्या चौकोनांतून कुसुमताई दिसू लागल्या. पिकलेले केस घट्ट बांधलेले, सुती साडी, चेहरा शांत. शेजारी मुलगा. त्यानं नमस्कार केला आणि थेट मुलाखत सुरू केली. नोकरीसाठी घेतात तशी.

"काका, दवाखाना किती लांब आहे?"

"हाय जवळच," दादा म्हणाला. तो देवलापारला आहे.

"शुगर, बीपी?"

"नाई."

"लाईट असते का?"

"असते." मागून कोणीतरी खोकलं.

"छंद वगैरे?"

दादा माझ्याकडे पाहू लागला. ज्या माणसाच्या गप्पांपुढे रात्रपाळीचे कामगार घरी जायचं विसरायचे, त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणतो, "चना." मुलानं बहुधा ते लिहून घेतलं. कुसुमताई तेवढ्यापुरत्या हसल्या आणि म्हणाल्या, "जेवन झालं का?"

"हाव," दादा म्हणाला. संपलं.

"बरं काका," मुलगा म्हणाला, "आता शेवटचं. आईकडून तुमच्या अपेक्षा काय..." आणि चित्र गोठलं. कुसुमताईंचं तोंड अर्धं उघडं, मुलाचा एक डोळा बंद, आणि मधे ते गोल गोल फिरणारं चाक. आवाज बंद.

"हलवा डब्बी!" मी ओरडले. विलासराव मचाणावर धावले, दुपट्टा सोडला, डब्बी हातात घेऊन एकदा सागाकडे धरली, एकदा टेकडीकडे. काही फरक नाही. मी डोक्याला हात लावून बसले.

आणि दादानं सुस्कारा सोडला. सुटल्याचा.

"बरं झालं बंद पडलं," तो म्हणाला. "मले बोलताच येऊन नाई राहिलं वं पमे. काय त्या पोराचे प्रश्न! शुगर, बीपी. बैल घेऊन राहिला का तो?"

"दादा, अपेक्षा सांगायच्या होत्या. काहीतरी सांगायचं!"

"काय सांगू? म्हने अपेक्षा. मले काय सैपाकीन पायजे का? सैपाक येते मले. धुनं येते. तब्येत ठीक हाय." तो शर्टाची बटनं सोडत होता. त्याचा आवाज खाली आला. "तापात पडलो होतो तवा मी पंख्याशी बोलत होतो, माहीत हाय? पंखा बंद होता. तरी बोलत होतो. सांजच्याले दिवा लावला का घर असं अंगावर येते. सगळे भेटतात, राम राम करतात, चहा पेतात, जातात. मले कोनीतरी भांडाले पायजे वं. मीठ काहून कमी टाकलं, छत्री काहून नाई नेली, असं खेकसाले पायजे कोनी. शोभा गेल्यापासून माह्यावर कोनी खेकसलं नाई. आता हे त्या बाईले कसं सांगू, का बाई, मले तुमच्यासंग भांडाचं हाय? ते तं हसन."

दादा कधीच असं बोलला नव्हता, माझ्याशीसुद्धा. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागे गिरजाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. वर मचाणावर विलासराव शिडीच्या टोकाशी, टाचा उंचावून, डब्बी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे होते.

"हसली नाई मी."

आम्ही सगळे दचकलो. फोनवरचं चित्र तसंच होतं, गोठलेलं, तोंड अर्धं उघडं. पण आवाज आला होता, आणि खणखणीत होता, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"भांडता येते मले," कुसुमताई म्हणाल्या. "पन मी माघार घेत नाई. आधीच सांगून ठेवते."

आम्हाला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, म्हणून कॉल तुटला असं आम्ही समजलो. आमचा आवाज मात्र हळूहळू तिकडे जातच होता. शब्दन् शब्द. दादाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं भराभर बटनं लावली, जसं काही तिकडून दिसतच होतं.

"तुम्ही... तुमाले आयकू आलं?"

"सगळं आलं. अन आता मी बोलते ते आयका." मागून मुलाचा 'आई, अगं आई' असा आवाज आला आणि लगेच बंद झाला. "घरात मानूस तापानं फनफनते, अन बाजूच्या घरी हाक नाई मारत? काहून? तोंडाले कुलूप लावलं होतं का?"

"नाई, म्हनजे, लोकाले काहून तरास द्या म्हनून..."

"तरास? अन मेले असते तं तरास नसता झाला कोनाले?"

"अजी, पन पानी होतं उशाशी..."

"पानी! अन दवाखाना जवळ हाय म्हनून काहून सांगतलं? कुठं हाय तो, सांगा बरं!"

दादा सरसावून बसला. हातवारे करून सांगू लागला, देवलापारचा रस्ता, फटफटी, पाऊस, नाल्याला आलेला पूर. कुसुमताईंनी त्याला एकही वाक्य पूर्ण करू दिलं नाही. दादाचा आवाज चढला. त्यांचा त्याहून चढला. इतक्या वर्षांत मी माझ्या भावाचा तो आवाज ऐकला नव्हता. मी पदर तोंडाला लावून रडत होते आणि हसत होते.

वरून विलासरावांचा कण्हल्यासारखा आवाज आला. "अवं, हात भरून आले माहे. उतरू का?"

"खबरदार उतराल तर!" मी ओरडले. "ते भांडून राहिले."